बांगुन

आधी वाळूवरच.
सहा जण, सहा निळ्या फळ्या.
पाण्यापासून वीस पावलांवर पालथे पडून
आम्ही कोरड्यात हात मारत होतो.
एक कुत्रा थांबला, बघून पुढे गेला.

महरिप म्हणाला, पोट फळीला, नजर किनाऱ्याला,
तळवे बरगड्यांपाशी,
मी ओरडलो की उठायचं. एका दमात.
मग ओरडला: बांगुन!

सहा जण सहा तऱ्हांनी उठलो.
सुराबायाची रेत्नो, औषधाच्या दुकानात शिडीवर चढते तशी, जपून.
बोगुस्लाव, निवृत्त ट्रॅमचालक,
आधी एक गुडघा, मग सुस्कारा, मग दुसरा गुडघा.
आणि मी,
पायाला मुंग्या आलेलं माणूस
पंगतीतून उठतं तशी, शेजारच्याला धरून.

पुन्हा, महरिप म्हणाला.
अठरा वेळा पुन्हा.

तेवढ्यात म्हशी आल्या.
रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेने, तीस-चाळीस,
आमचा धडा मधोमध कापत
ओल्या वाळूवरून संथ निघाल्या.
मागे काठी घेतलेला पोरगा, कानात इयरफोन.
आम्ही फळ्या छातीशी धरून बाजूला.

मी यांच्यावर शिकलो, महरिप म्हणाला.
हॉटेलं नव्हती, फळी कुणी पाहिली होती?
ओढा उतरताना पाठीवर उभं राहायचं.
ती डोकं झाडते, मध्येच थांबते, मध्येच शेण टाकते.
आपण फक्त ढिलं राहायचं.
माझा बाप चाळीस वर्षं होडीवर. पोहता येत नव्हतं.
म्हणायचा, काम असेल तरच समुद्राकडे जावं.
मग त्याने आमच्या सहा फळ्यांकडे पाहिलं
आणि हसला.

पाण्यात सगळं विसरलं.
पहिली लाट माझ्यावरून गेली, ओळख न दाखवता.
दुसरीने नाकातोंडात मीठ भरलं.
तिसरीला फळी किनाऱ्याला लागली,
मी अजून मागेच, घोट्याच्या दोरीला ओढ बसेपर्यंत.
चौथीला बोगुस्लाववर आदळले.
तो पोलिशमध्ये काहीतरी बोलला,
ट्रॅमसमोर आलेल्या सायकलवाल्याला बोलावं तसं,
आणि मग माझी फळी धरून उभा राहिला,
मी डोळे पुसेपर्यंत.

मला कशाच्याही आधी विचार लागतो.
लग्नाला चार वर्षं लागली,
नोकरी सोडायला अकरा.
ही येते आणि जाते. हिला काय सांगणार?

कितवी होती ती, मोजणं सुटलं होतं.
मागून आवाज आला
आणि मी कुठे होते कोण जाणे,
पाय खाली, फळीवर, वाकडे.
खालून काहीतरी पळत होतं.
माडांची रांग, टपरीचं पत्र्याचं छप्पर,
वाळत घातलेला कुणाचा तरी हिरवा टॉवेल,
सगळं माझ्याकडे सरकत आलं.
टॉवेलला एक भोक होतं. तेही दिसलं.

मग पाणी.

तीन सेकंद, रेत्नो म्हणाली.
दोन, महरिप म्हणाला.
मी कुणाशी वाद घातला नाही.

नंतर इनाक सायनेपच्या टपरीत
शहाळं, तिखट शेंगदाणे, सोललेले गुडघे.
ती महरिपशी सासाकमध्ये भांडत होती,
मागच्या महिन्याच्या शहाळ्यांचा हिशेब असावा.
बाकावर तिचा नातू झोपलेला,
गणवेश अंगात, बूट एकाच पायात.
तिने कोयता खाली ठेवला, वाकली,
शाळेसाठी उठवायचं म्हणून शाळेच्याच भाषेत,
हळूच म्हणाली,
बांगुन.

पोरगा हलला नाही.
माझे मात्र दोन्ही तळवे
शहाळं सोडून
बरगड्यांपाशी आले.